महाड-पोलादपुराकडील मुलांचीं शरदांतील छायाचित्रें : एक उपेक्षित इतिहाससाधन

१

आपल्या इतिहाससंशोधनाचा पाया कागदावर रचलेला आहे. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तेव्हांपासून रुमाल, बाडें, महजर व सनदा शोधण्याची, त्यांच्या नकला करण्याची आणि त्यांवर टांचण ठेवण्याची शिस्त महाराष्ट्रांत रुजली. जुन्या घराच्या माळ्यावरील पेटी उघडली म्हणजे आपली दृष्टि आधीं मोडी कागदांवर जाते. त्याच पेटीच्या तळाशीं मुलाबाळांच्या छायाचित्रांचा एखादा लिफाफा असतो. तो मात्र ‘घरगुती’ म्हणून बाजूस सारला जातो.

प्रस्तुत लेखांत तीन मुद्दे मांडावयाचे आहेत. महाड व पोलादपूर तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास अंगणांत, खळ्यांत वा नदीकांठीं फिल्मवर घेतलेलीं मुलांचीं छायाचित्रें हीं इतिहाससाधनेंच होत, हा पहिला. तीं वाचण्याची रीति आपल्या जुन्या ज्योतिषांत व पोथीशास्त्रांत तयार आहे, हा दुसरा. आणि तीं गोळा करण्यास फार थोडीं वर्षें उरलीं आहेत, हा तिसरा.

चित्रावरील नांव हरवलें म्हणजे काय होतें, हें या मासिकवर्गाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वा. सी. बेंद्रे यांनीं शिवछत्रपतींचें विश्वसनीय चित्र १९३३ सालीं पुढें आणिलें, तोंपर्यंत इब्राहिमखान नांवाच्या एका सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून घरोघर लाविलें जात होतें. छत्रपतींच्या बाबतींत जर असें घडूं शकतें, तर कोंडावरच्या एखाद्या पोराचें नांव त्याच्या चित्रापासून सुटावयास दोन पिढ्या पुरतात.

२

आपल्याकडे ही विद्या लौकर आली. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग उघडला. हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गांत शिकले व पुढें मुंबईंतील नामांकित छायाचित्रकार झाले. परंतु त्या काळची ओल्या कांचेची रीति मुलांस सोयीची नव्हती. कांच ओली असेपर्यंतच सारें काम उरकावयाचें आणि चित्र उमटावयास कांहीं सेकंद तरी लागावयाचे. मूल तितका वेळ स्थिर राहत नाहीं. युरोपांत आईवर कापड पांघरून तिच्या मांडीवर मूल बसवीत व चित्रांत आई दिसूं देत नसत. १८७१ सालीं मॅडॉक्स यानें सुक्या जिलेटिनची युक्ति प्रसिद्ध केली, तीवरून पुढें तयार सुक्या कांचा बाजारांत आल्या, तेव्हां कोठें खेळतें मूल चित्रांत धरतां येऊं लागलें.

त्या आरंभींच्या काळांतील दोन दोष आपल्या विषयास लागू आहेत. विल्यम जॉन्सन याचा मुंबईंतील जातिजमातींचा छायाचित्रसंग्रह १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत निघाला. त्यांत माणसें एकीकडे टिपलेलीं व पाठीमागचा देखावा दुसरीकडचा, असे जोड केलेले आहेत. म्हणजे चित्र उघड्यावरचें दिसलें तरी तें तसें असेलच असें नाहीं. दुसरें, माणसाची ओळख तेथें जातीनें दिली आहे, नांवानें नव्हे. सरकारी आश्रयानें १८६८ ते १८७५ या काळांत आठ भागांत निघालेल्या हिंदुस्थानच्या लोकांविषयींच्या मोठ्या सचित्र ग्रंथांतहि हाच प्रकार आहे. चित्रांत चेहरा राहिला, पण माणूस हरवला.

याच्या उलट उदाहरण दादासाहेब फाळके यांचें. फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकाराचा धंदा केलेले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या त्यांच्या चित्रपटांत त्यांचा मुलगा भालचंद्र हा रोहिताश्व झाला आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांत कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. ‘कालिया मर्दना’च्या आरंभीं या मुलीच्या मुद्राभिनयाचा एक स्वतंत्र भाग जोडला आहे, तो सूर्यप्रकाशांत फिल्मवर उतरलेलें एका मराठी मुलीचें व्यक्तिचित्रच म्हणावें लागतें. या चित्रपटाचा उरलेला भाग १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जतन केला. मुलीचें नांव, बापाचें नांव, साल व मूळ फीत हीं चारी एकत्र राहिलीं, म्हणून शंभर वर्षांनंतरहि त्या चित्राचा पुरावा म्हणून उपयोग होतो. हीच चार अंगें महाड-पोलादपुराकडील प्रत्येक लिफाफ्यांत शोधावयाचीं आहेत.

३

फिल्मचा इतिहास थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढचें विवेचन समजणार नाहीं. ईस्टमन याचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ चा. पारदर्शक सेल्युलॉइडची गुंडाळी १८८९ ची. १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ‘ब्राउनी’ नांवाचा पेटी-कॅमेरा निघाला व छायाचित्रण हौशी लोकांच्या हातांत गेलें. ‘१२०’ क्रमांकाची गुंडाळी १९०१ त आणि ‘१३५’ क्रमांकाची अरुंद फिल्म १९३४ त आली. स्वातंत्र्यानंतर बडोद्यास आग्फाचा ‘क्लिक-३’ हा साधा कॅमेरा तयार होऊं लागला. तो १२० च्या गुंडाळीवर १२ चौकोनी चित्रें देई. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यांतून १९६७ पासून माल निघूं लागला व ‘इंदु’ छापाची फिल्म घरोघर पोंचली. मुंबईस गिरणींत, गोदींत वा कचेरींत असणारा घरचा माणूस सणाला गांवीं येतांना असा कॅमेरा बरोबर आणूं शके.

हीं चित्रें शरदांतच विशेष कां घेतलीं जात, यास सबळ कारणें आहेत. या डोंगरपट्टींत वर्षाला ३ हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत कोसळतो. जुनी फिल्म मंद असे; पेटी-कॅमेऱ्याचें छिद्र लहान व झडप सेकंदाच्या पंचविसाव्या ते पन्नासाव्या भागाइतकी उघडणारी. ढगाळ दिवशीं अशा यंत्रानें चित्र नीट उमटत नसे. पावसांत फिल्म धुतली तर ती वाळावयास वेळ लागे व जिलेटिनावर बुरशी धरे. आश्विन लागला म्हणजे आकाश निवळतें, हवेंतली धूळ पावसानें बसलेली असते, डोंगर अजून हिरवे असतात आणि सकाळीं सावित्रीच्या खोऱ्यांतलें धुकें उठल्यावर ऊन स्वच्छ पडतें. कालिदासानें ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग ज्या ऋतूस दिला, तोच मंद फिल्मलाहि मानवला. शिवाय याच दिवसांत शाळेस सुटी, अंगावर नवे कपडे आणि परगांवचीं माणसें घरीं.

त्या काळच्या चित्रांतील दोन गोष्टींचा चुकीचा अर्थ लावला जातो. मुलें कपाळास आंठ्या घालून, डोळे बारीक करून उभीं दिसतात, त्यावरून तीं भ्यालीं होतीं अथवा रुसलीं होतीं असें म्हणतात. वास्तविक कॅमेऱ्याबरोबरच्या सूचनापत्रकांत सूर्य चित्रकाराच्या पाठीशीं असावा असें सांगितलेलें असे. म्हणून सारें ऊन मुलांच्या डोळ्यांवर येई. दुसरी गोष्ट रंगाची. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगास आंधळी असे. तीवर कुंकू व लाल परकर काळे उतरत, निळें आकाश पांढरें पडे आणि सांवळा वर्ण असेल त्याहून काळा दिसे. अशा चित्रावरून कपड्याचा रंग वा मुलाचा वर्ण सांगूं नये.

४

आतां कालनिर्णयाकडे वळूं. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारांत दिशा, देश व काल हे तीन प्रश्न बारा अंगुळांच्या शंकूच्या छायेवरून सोडविले आहेत. उन्हांत उभें असलेलें मूल हाहि एक शंकूच होय. महाडचा अक्षांश १८ अंश ५ कला धरला तर तेथील पलभा, म्हणजे विषुवदिनाची मध्याह्नछाया, ३ अंगुळें ५५ व्यंगुळें येते. हेंच मुलास लावून पाहावें. तीन फूट उंचीच्या मुलाची मध्याह्नछाया २३ सप्टेंबरास सुमारें १ फूट, ७ नोव्हेंबरास सुमारें २ फूट आणि २२ डिसेंबरास सुमारें २ फूट ८ इंच पडते. पोलादपूर थोडें दक्षिणेस असलें तरी या कामापुरता फरक नगण्य आहे.

यांतून एक उपयुक्त नियम निघतो. कोणत्याहि दिवशीं मध्याह्नछायेहून आंखूड छाया त्या दिवशीं पडूंच शकत नाहीं. म्हणून सपाट जमिनीवर मुलाची छाया त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असेल, तर तें चित्र सुमारें १५ ऑक्टोबर ते २६ फेब्रुवारी या काळांतील नव्हे. घरांत ‘हा दिवाळींतला फोटो’ असें परंपरेनें सांगत असले, तरी तीन फुटी मुलाची छाया सव्वा फूटच असेल, तर ती परंपरा सोडावी लागेल. नवरात्राच्या आरंभाशीं तें कदाचित् जुळेल. दिवाळीशीं जुळणार नाहीं. उलट छाया लांब असली तर मात्र घाईनें निर्णय करूं नये, कारण सकाळ-संध्याकाळ ती कोणत्याहि ऋतूंत लांबच असते. नोव्हेंबरच्या आरंभीं या बाजूस घड्याळीं १२ वाजून सुमारें २० मिनिटांनीं खरा मध्याह्न होतो, हेंहि लक्षांत ठेवावें. छाया कॅमेऱ्यापासून दूर मागें पडली असेल तर ती चित्रांत आंखुडलेली दिसते. अशा वेळीं आडवी पडलेली एखादी छाया, खांबाची अगर कुंपणाची, मोजण्यास घ्यावी.

प्रहर ठरविण्यास डोंगर साहाय्य करतात. महाबळेश्वराची रांग पोलादपुराच्या पूर्वेस आहे. ती रांग मुलाच्या मागें असून त्याच्या तोंडावर ऊन असेल, तर सूर्य पश्चिमेकडे, म्हणजे वेळ दोनप्रहरानंतरची. महाडास गंधारपाल्याच्या लेण्यांचा डोंगर वायव्येस आहे. तो पाठीशीं व ऊन तोंडावर, तर वेळ बहुधा सकाळची. तोंडावर एका बाजूनें ऊन आणि मागच्या झाडावर दुसऱ्या बाजूनें, असें दिसलें, तर जॉन्सनच्या संग्रहांतल्यासारखा जोड किंवा रंगविलेला पडदा आहे कीं काय, याचा शोध घ्यावा. कधीं कधीं चित्राच्या खालच्या कडेवर चित्र घेणाऱ्याची सावली पडलेली असते. टोपी, पागोटें वा डोक्यावरचा पदर त्यांत ओळखूं येतो. चित्रावर कोठेंहि न लिहिलेली घेणाऱ्याची ओळख तेवढीच.

५

छायागणितास एक मर्यादा आहे. सूर्याची क्रांति वर्षांतून दोनदां सारखीच येते. ७ नोव्हेंबरची छाया फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत पुन्हां तशीच पडते. शरद कीं माघ, हा संशय जमीन फेडते. या भागांत हळवें भात सप्टेंबरअखेरीपासून कापणीस येतें, गरवें भात नोव्हेंबरांत. उभें पिवळें भात, कापणी चाललेलें शेत, खळ्यांतली मळणी हे क्रम चित्रांतील खाचरावरून कळतात. बांधावर तेरडा, कुर्डू वा सोनकीचीं फुलें असतील, तर पाऊस नुकताच गेला आहे. माघांत तोच बांध करडा असतो आणि वरकस जमिनीवरचें गवत कापून नेलेलें असतें. मुलांच्या हातीं आपट्याचीं पानें, पाटीवर काढलेली सरस्वती, किंवा शेजारीं मातीचा किल्ला असला, तर मुद्दाम सांगावयास नको.

वर्ष ठरविण्यास वेगळीं चिन्हें. फिल्मच्या कडेवर करणाऱ्याचें नांव, प्रकार व चित्रांक छापलेले असतात. चित्र त्या प्रकारच्या फिल्मच्या जन्मापूर्वींचें असूं शकत नाहीं, ही पूर्वमर्यादा झाली. फोटोच्या पाठीवर शिक्का असल्यास तो नीट वाचावा. ‘जि. कुलाबा’ असें असेल तर शिक्का बहुधा १९८१ पूर्वींचा, कारण १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. पत्त्यांत पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पाकिटावर किंमत आण्यांत आहे कीं नव्या पैशांत, यावरून १ एप्रिल १९५७ च्या अलीकडचें कीं पलीकडचें हें दिसतें. मात्र जुने शिक्के व जुनीं पाकिटें संपेपर्यंत वापरलीं जातात, याचें भान ठेवावें. शक दिला असेल तर आश्विन-कार्तिकांसाठीं त्यांत ७८ मिळवावे.

मुलाचें वयहि साक्ष देतें. पुढचे दुधाचे दांत पडलेले असतील तर वय सहा ते आठच्या दरम्यान. त्यावरून जन्मसाल काढून शाळेच्या जनरल रजिस्टराशीं ताडून पाहावें. पण शाळेंत जन्मलेल्या तारखाहि पुष्कळ असतात. शाळा जूनांत उघडत व पालकांस तिथि आठवत नसे. मग मास्तर १ जून लिहून मोकळे होत. अशी १ जून ही तारीख दिसली म्हणजे ती साक्ष नव्हे, अंदाज समजावा.

६

पोथ्यांचा अभ्यासक मूळ प्रत व नक्कल यांत भेद करतो, तोच येथें करावा. निगेटिव्ह ही मूळ प्रत. कागदावरचा फोटो ही नक्कल. पाठीमागचा मजकूर ही पुष्पिका. नक्कल करणारा कडा कापतो, एखादें माणूस वगळतो, चेहऱ्यावर पेन्सिल फिरवितो. हे सारे पाठभेद मूळ निगेटिव्ह पाहिल्याशिवाय उमगत नाहींत. निगेटिव्ह उलटी धरून फोटो काढला तर डावें-उजवें बदलतें. पाटीवरचीं अक्षरें, सदऱ्याच्या गुंड्यांची बाजू, आईच्या पदराचा खांदा यांवरून तें तपासावें.

आणि ही मूळ प्रत कागदाहून नाजूक आहे. जुनी नायट्रेट फिल्म, जी १९५१ च्या सुमारास बनावयाची थांबली, ती भडका घेणारी; पुण्यांत २००३ च्या जानेवारींत अशा फिल्मांचा मोठा सांठा जळून गेला. तिच्या जागीं आलेली ॲसिटेट फिल्म पेट घेत नाहीं, पण उष्ण व दमट हवेंत कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. १९४८ सालीं आलेल्या ट्रायॲसिटेट फिल्मविषयीं अशी पहिली तक्रार दहा वर्षांच्या आंत भारत सरकारकडूनच गेली होती. कोंकणांतली पेटी ही तर या रोगाची माहेरघरच.

याहून मोठें संकट पाण्याचें व दरडींचें. २००५ च्या जुलैंत जुई, दासगांव, रोहण व कोंडिवते येथें दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें आणि त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड येऊन ८० हून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखरसुतारवाडी येथेंहि तसाच घाला पडला. अशा वेळीं जीव व निवारा यांचाच विचार आधीं, हें उघड आहे. परंतु नंतर, जें घर उरलें नाहीं त्या घराचा ओटा, तुळशीवृंदावन आणि ओट्यावर उभें असलेलें मूल एखाद्या नातलगाच्या मुंबईंतील कपाटांत चित्ररूपानें राहिलें असेल, तर त्या घराचा तो एकमेव दस्तऐवज ठरतो. त्या गांवाचा गांवठाणी नकाशा सरकारांत मिळेल; ओट्यावर कोण उभें होतें, हें तेथें मिळणार नाहीं.

भिजलेल्या फिल्मविषयीं एक व्यवहारी सूचना. एकमेकांस चिकटलेल्या फिल्मा तशाच सुकूं देऊं नयेत व सुकल्यावर ओढूं नयेत. स्वच्छ, थंड पाण्यांत ठेवून दोन दिवसांच्या आंत हलक्या हातानें सुट्या कराव्या आणि सावलींत टांगून वाळवाव्या. उन्हांत वा विस्तवाजवळ नव्हे. ओल्या रीतीच्या जुन्या कांचा मात्र पाण्यांत घालूं नयेत. पोथीप्रमाणें लाल रुमालांत बांधण्याची संवय येथें सोडावी. रंग लागतो व वायु कोंडतो. प्रत्येक निगेटिव्ह साध्या कागदाच्या वेगळ्या पाकिटांत, पाकिटावर आधीं पेन्सिलीनें लिहून, कोरड्या जागीं ठेवावी.

७

आतां कर्तव्य काय तें सांगून लेख पुरा करितों. पोलादपुरास कवींद्र परमानंदाची समाधि आहे. त्याच्या ‘शिवभारता’ची पोथी मात्र तंजावरास सांपडली आणि स. म. दिवेकर यांच्या संपादनानें १९२७ सालीं प्रसिद्ध झाली. या तालुक्यांच्या छायाचित्रांचेंहि तसेंच होणार आहे. चित्र पोलादपूरच्या खळ्यांत घेतलें, फिल्म मुंबईस धुतली आणि लिफाफा परळच्या वा लालबागच्या चाळींत राहिला. शोध दोन्हीकडे घ्यावा लागेल.

शोध घेतांना ओळखीच्या वाड्यांपुरतें थांबूं नये. ज्या महाडास २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथें कॅमेऱ्यापर्यंतहि सर्वांचा हात सारखा पोंचला असेल असें मानणें कठीण आहे. म्हणून बौद्धवाडी, कातकरीवाडी, मोहल्ला, कोंड, प्रत्येक ठिकाणीं विचारावें. एखाद्या घरीं चार पिढ्यांत एकच चित्र असेल. त्याचें मोल शंभर चित्रांच्या पेटीहून उणें नाहीं. आणि तेथें जातीचें टांचण लावून नांव विसरण्याचा जुना दोष पुन्हां करूं नये.

प्रत्येक चित्रामागें पांच गोष्टी टिपाव्या: मुलाचें नांव, स्थळ, ऋतु व जमल्यास तिथि, चित्र घेणारा, आणि निगेटिव्ह कोणाकडे आहे. चित्रांतील माणूस हयात असेल तर त्याच्या संमतीवांचून नांव छापूं नये. टांचण करून ठेवण्यास मात्र हरकत नाहीं. मूळ वस्तु घरच्यांकडेच राहूं द्यावी, आपण नक्कल घ्यावी.

मोडी वाचणारे थोडे असले तरी मोडी शिकतां येते. आज न वाचलेला कागद पन्नास वर्षांनीं वाचतां येईल. चेहऱ्यांची लिपि तशी नाहीं. क्लिक-३ पुढें डोळे बारीक करून उभीं राहिलेलीं तीं मुलें आज साठी-ऐंशींत आहेत, आणि ‘हा कोण, ही कोण’ हें सांगणारीं तींच शेवटचीं माणसें आहेत. तीं गेल्यावर छाया मोजून महिना काढतां येईल, शिक्का पाहून दशक सांगतां येईल. नांव कोणत्याहि गणितानें निघणार नाहीं. यास्तव येत्या दसरा-दिवाळींत जे वाचक आपल्या गांवीं जातील, त्यांनीं पेटीच्या तळाचा लिफाफा काढून घरांतील वडील माणसाजवळ बसावें आणि पेन्सिलीनें नांवें लिहून घ्यावीं, एवढी विनंति आहे.